एक सेंटिमीटर

भोपळा दिला मले आनंदराव सरांनी. भोपळा! सानगडीच्या शिकवणीत, बारावीच्या साऱ्या पोट्ट्यांसमोर.

गणित असं होतं: एक किलोचा ठोकळा, त्याले मीटरमागं शंभर न्यूटनची स्प्रिंग, खाली दोन न्यूटनचं घर्षण. पंधरा सेंटिमीटर ताणून सोडला, तं कुठं थांबन? मी लिवलं, शून्यावर, म्हंजे स्प्रिंग ढिली असते तिथं. सर म्हणे, "नीतू, कोणी सांगितलं तुले? या बाजूनं त्या बाजूले जाताना दर खेपेले चार कमी. पंधराचे अकरा, अकराचे सात, सातचे तीन, तीनावरून मात्र शून्यापर्यंत पोचतच नाई, अलीकडंच एकावर येते. एकावर स्प्रिंगचा जोर एक न्यूटन, घर्षण दोनाचं. थांबला. पण स्प्रिंग अजून दबलेलीच हाय! घर्षण काढून पाय, उडते का नाई."

डोकं भनभनत घरी आली, तं आंगणात विक्की भाऊजी. चिखल्याले मँगनीजचा ट्रक चालवते. आठ दिवसांमागं त्यानं रंजूताईले ट्रकच्या लोखंडी पान्यानं हाणलं होतं. डाव्या कानानं तिले अजून आयकू येत नाई. ती माहेरी पळून आली, अन् हा मेला तिले न्यायले आला.

कवाडाले लाथा. ताईच्या नावानं घाण शिव्या. पाण्याचा गुंड उचलून आपटला. शेजारचे तुलारामकाका, मंगलाबाई धावत आले. काकानं त्याचा हात धरला. मंग लाथा कमी झाल्या, शिव्या कमी झाल्या, अन् तो खाटेवर बसला. "चुकलं माझं," म्हणे.

"थंडा झाला," माय म्हणाली. "रंजू, पाणी दे त्याले." अन् सोताच ताईची बॅग भरायले लागली.

आमच्याकडं हेच. माणूस ओरडायचा थांबला की थंडा झाला म्हणायचं, अन् बाईले मागं धाडायचं. संताप येते मले!

मी त्याच्याकडं पाहत होती. दात आवळलेले, एक पाय हलून राहिला होता. काका अन् मंगलाबाई फाटकाकडं निघाले. मले सरांचा फळा दिसला.

"काका, जाऊ नका!" मी ओरडली. "तो फक्त थांबला! थंडा नाई झाला!"

"चूप बस वं," माय म्हणाली. काका हसले अन् गेले. फाटक लागलं.

ताईनं बाहेर येऊन पाण्याचा पितळी गडवा पुढं केला. त्यानं तोच हिसकला अन् तिच्या तोंडावर हाणला. दात खाली पडला. मंग केस धरून तिचं डोकं भिंतीवर आपटलं. एकदा. दोनदा.

बाबाच्या डोंग्याचं वल्हं भिंतीले टेकून होतं. मी उचललं. पहिला फटका मनगटावर, हाड वाजलं. दुसरा गुडघ्यावर. तो पडला. तिसरा पाठीत. चौथ्याच्या वक्ताले तो हात जोडून राहिला होता. तरी हाणला. खोटं कायले बोलू, बरं वाटलं.

मायनं मागून माझे दोन्ही हात धरले. भाऊजी फरपटत फाटकाबाहेर गेला.

ताई भिंतीले टेकून बसली होती, हनुवटीवर रक्त. "मी नाई जात, माय."

"नको जाऊ," माय म्हणाली. माझे हात तिनं तसेच धरले होते. मंग तिनं मले विचारलं, "तू झाली का थंडी?"

"नाई," मी म्हटलं. "हात सोडू नको."