फीनच्या ओंजळीत गोठलेलं पाणी

"गोठलं! बघा, गोठलं!"

खिलेन गावातल्या चर्चमागच्या सभागृहात दोनशे माणसं एका सुरात ओरडली. माझी धाकटी बहीण फीन व्यासपीठावर उभी होती. तिच्या ओंजळीतलं झऱ्याचं पाणी जेलीसारखं घट्ट झालं होतं. हात उलटा केला तरी थेंब सांडेना.

"श्रद्धेपुढे पाणीसुद्धा थबकतं!" तिच्या शेजारी उभा असलेला उपदेशक ब्रदर लीनार्ट गरजला. "दाबा, तळहात अजून दाबा! फीनबाई, इतक्या लवकर आजवर कुणाचं गोठलं नव्हतं. आता सुया कशाला टोचता?"

मधुमेहाची इंजेक्शनं तिने चार दिवसांपूर्वीच बंद केली होती. मग त्याने मलाही वर बोलावून ओंजळ धरायला लावली. माझ्या थंडगार हातांत मात्र पाणी पाणीच राहिलं.

"टिल्लाबाईंच्या मनात किंतु आहे!" लीनार्ट म्हणाला. लोक हसले.

झऱ्याच्या पाण्याची बाटली दर वेळी बर्फाच्या बादलीतून निघत होती. ते पाहिलं आणि मला आमच्या कारखान्याची प्रयोगशाळा आठवली. तिथे एकतीस वर्षं मी एक पावडर गार पाण्यात विरघळवली; तीच या पाण्यात असणार. उन्हाळ्यात भांडं टेबलावर विसरलं की आत घट्ट गोळा, आणि मुकादमाच्या शिव्या.

माझ्याच खात्यातला सेफ पहिल्या रांगेत डोळे पुसत होता. "सेफ, अरे, ही पावडर तू पोत्यांत भरलीस!"

"तो कारखाना होता, टिल्ला. इथे देव आहे."

माझा संताप झाला. फीनच्या हातातला गोळा पेल्यात घालून मी तो बर्फात बुडवला. थोड्या वेळात पाणी झालं. मग तोच पेला कॉफीच्या गरम किटलीला टेकवला, तर पुन्हा गोळा. ना ओंजळ, ना श्रद्धा.

"या पावडरीच्या प्रत्येक साखळीत दोन स्वभावांचे तुकडे असतात," मी ओरडून सांगितलं. "एकाला पाणी आवडतं. दुसरा ते गारव्यात कसंबसं सोसतो. ऊब लागली की हे नावडते तुकडे एकमेकांना बिलगतात, त्यांच्या गोळ्या दाटीने रचल्या जातात आणि पाणी मधे अडकतं. दाबानेही फरक पडतो, पण तो समुद्राच्या तळाएवढा लागतो. तुमच्या तळहातांनी काय होणार!"

तेवढ्यात मला प्रश्न पडला, फीनचंच सगळ्यांत आधी का गोठलं? मी तिचा हात धरला. चटका बसावा असा तापलेला. मधुमेहात पायाची जखम चिघळली तरी कळत नाही, हे मला ठाऊक होतं.

"मोजा काढ."

"राहू दे गं, टिल्ला. लोक बघतायत."

मीच मोजा ओढला. पायाच्या दोन बोटांवरची जखम काळी पडली होती. इस्पितळात मोजला तर ताप एकोणचाळीस अंश सेल्सिअसच्या वर. हाच तो चमत्कार!

फीन वाचली, पायाची ती दोन बोटं गमावून. सेफ इस्पितळात जर्दाळूची फ्लाय, म्हणजे आमच्याकडची फळं भरलेली गोड पोळी, घेऊन आला आणि म्हणाला, "पण गोठलं होतं हं!"

अशांना काय सांगू? तरी सांगते: माणसाचं अंग तापलं तर त्यात कृपा शोधू नका. थर्मामीटर लावा आणि डॉक्टरांना बोलवा.