लूमवरचं गाणं

आमच्या घरात बोलायचं खातं माझ्याकडे. पूजाचे पप्पा, काशिनाथ नाव त्यांचं, ड्यूटीवरून आले की हातपाय धुणार, जेवणार आणि भिंतीला पाठ लावून बसणार. भाजी कशी झाली म्हणून विचारलं तर मान हलवणार. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हेही मीच ठरवायचं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत हा माणूस माझ्याशी जेवढं बोलला असेल, तेवढं मी इथे सुरतेत, उधन्याच्या बाजारात भाजीवालीशी एका फेरीत बोलते.

आता लोक म्हणतील, मंदा, लूमवाल्यांचे कान जातात. जातात ना, मी कुठे नाही म्हणते? वीस वर्षं कापडाच्या लूमच्या खडखडाटात उभं राहिलेल्या माणसाला दारावरची कडी ऐकू येत नाही. पण कान गेले म्हणून जीभही जाते का हो? आमच्या शेजारचा सुपडू ह्यांच्याच बाजूच्या लूमवर आहे, त्याचेही कान अर्धेमुर्धे गेलेत. तो बोलायला लागला की अर्धी गल्ली गोळा होते. म्हणून मी मनाशी धरून बसले होते की ह्यांच्या पोटात माझ्यासाठी शब्दच नाहीत. तसं समजून जगायची सवय झाली होती, राग तेवढा गेला नव्हता.

त्यात पूजाच्या शाळेत जॅझवाले आले.

पूजा सातवीत, इथल्याच मराठी शाळेत. जॅझ म्हणजे काय हे मला तरी कुठे ठाऊक? मला वाटलं जादूचे प्रयोग असतील. त्या दिवशी दुपारी पोरगी घरी आली ती दप्तर न काढता दारातच बसून राहिली. मी मजुरीवर आणलेल्या साडीला चमकीच्या टिक्या चिकटवत होते. जेव म्हटलं तर जेवेना. डोळे उघडे, पण बघत कुठे होती कुणास ठाऊक. मग हळूहळू सांगायला लागली. मुंबईहून चौघं आले होते. निशाताई गाणारी. एक जण सोनेरी वाकडा बाजा वाजवणारा, त्याला सॅक्सोफोन म्हणतात. एक जण माणसाहून उंच वाद्य मिठीत धरून उभा, त्याचा आवाज म्हणे कानात नाही, पोटात ऐकू येतो. आणि ड्रमवाला हितेश, तो तर आपल्या सुरतचाच. पर्वत पाटिया भागात त्याच्या घरच्यांचा साड्यांचा धंदा, आणि हा बसला ढोल बडवत.

निशाताईने मुलांना हिंदीतून सांगितलं होतं. फार वर्षांपूर्वी आफ्रिकेतून माणसं जहाजात कोंबून अमेरिकेत नेली आणि बाजारात उभी करून विकली. त्यांना कापसाच्या शेतात राबवलं. कित्येक ठिकाणी त्यांचे ढोलसुद्धा काढून घेतले. मग ती माणसं काम करता करता गायची. एकाने हाक द्यायची, बाकीच्यांनी जबाब द्यायचा. मालकासमोर बोलता येत नव्हतं ते सगळं गाण्यात घालायची. पुढे त्यांच्या नातवंडा-पतवंडांच्या हातात बँडबाजे आले आणि त्या गाण्यांतून हे जॅझ निघालं. हे सांगताना पूजाचा आवाज इतका बारीक झाला की माझा टिकीवरचा हात थांबला. कापूस म्हटल्यावर मला आमच्या गावाकडची, पारोळ्याची वेचणी डोळ्यांसमोर आली. दिवस कसा पांढरा होऊन जायचा तेव्हा.

निशाताईने घरचा अभ्यासही दिला होता. पुढच्या रविवारी आईबाबांना घेऊन या, आणि घरातलं माणूस काम करताना जे गाणं म्हणतं ते विचारून आणा.

माझ्याकडे तर काही नव्हतं. मी टिक्या लावते तेव्हा मोबाइल गातो, मी नाही. पूजाने संध्याकाळी पप्पांना विचारलं, कानाशी तोंड नेऊन. ते म्हणाले, मी कुठे गातो? आणि भिंतीकडे सरकले. विषय संपला.

पण पोरगी माझ्यावर गेलेली, ती कुठे सोडते? दुसऱ्या दिवशी पप्पांचा डबा घेऊन स्वतःच गेली. परत आली ती धापा टाकत. म्हणाली, मम्मी, तिथे सगळे गातात! प्रत्येकाचं तोंड हलतंय. पप्पांचं तर सगळ्यात जास्त, मान वर, डोळे मिटलेले.

मी म्हटलं, तंबाखू चघळत असतील.

पण मन राहीना. सुपडूला गाठलं. तो म्हणाला, "गातो ना काशिनाथ. पंधरा वर्षं झाली, रोज गातो, बारा-बारा तास. काय गातो ते मला काय माहीत, वहिनी? त्या खडखडाटात मला माझं गाणं ऐकू येत नाही, त्याचं कुठून येणार? तिथे सगळेच गातात."

मी घरी आले आणि टिक्यांचा डबा पुढ्यात घेऊन नुसती बसून राहिले. म्हणजे ह्या माणसाच्या पोटात शब्द होते. बारा तास पुरतील एवढे होते आणि ते सगळे लूमला मिळत होते. माझ्या वाट्याला काय, तर भिंत! अन् गात होते कुणासाठी? बायकोचं मन, कुठे कुठे फिरून येतं. गावाकडची कुणी असेल, लग्नाआधीची. नाहीतर देवाचं म्हणत असतील. देवाचं असतं तर मला सांगायला काय झालं होतं? तीन दिवस मी स्वयंपाकात मीठ विसरले, आणि ह्यांनी तेही निमूट खाल्लं. मला एवढंच कळायला हवं होतं की हा माणूस गातो काय.

रविवार आला. ह्यांच्या लूमना सुट्टी. पूजा न्हाऊन, दोन वेण्या घालून तयार. हे इस्त्रीचा शर्ट काढायला लागले तेव्हा माझ्या तोंडून मोठ्याने निघून गेलं, "तुम्ही येऊन काय करणार? तुम्हाला ऐकू तरी येतं का?" बोलले आणि जीभ चावली. त्यांनी शर्टाची बटणं लावली, वरपासून खालपर्यंत सगळी, आणि आमच्या मागे दहा पावलांवर चालत आले.

शाळेचा प्रार्थनेचा हॉल पत्र्याचा. खाली मुलं, मागे बाकांवर आम्ही. हे सगळ्यात शेवटच्या बाकावर, लूमवाल्यांबरोबर. मी दाराशी उभी राहिले. सॅक्सोफोन सुरू झाला आणि काय सांगू, मला ते गाणं कळलं नाही, पण मी कुठल्या कुठे गेले. त्या आवाजाला घाई कसली ती नव्हती. निवांत चालत जावं, वाटेत कुणी भेटलं की थांबावं, मग पुन्हा चालावं, असा तो. पत्र्याच्या भोकांतून ऊन खाली उतरलं होतं, त्यात धूळ तरंगत होती, आणि मला वाटलं ती धूळसुद्धा तालावर फिरतेय. उंच वाद्य खरंच पोटात वाजत होतं. पोरांचे चेहरे तर झोपेत हसतात तसे झालेले.

मग निशाताईने एक ओळ म्हटली आणि मुलांनी तिचं शेपूट परत दिलं. पुन्हा ओळ, पुन्हा जबाब. तिने घरून आणलेली गाणी विचारली. कुणी ओवी आणली होती, कुणी भीमगीत, आणि मुलं प्रत्येक ओळीला जबाब देत गेली. पूजा खाली मान घालून बसली होती. तिची वही कोरी होती ना. ते बघून मला ह्यांचा असा राग आला की विचारू नका.

शेवटी हितेश म्हणाला, आता तुमच्या उधन्याचं जॅझ. आणि त्याने लूम चालू केला. खरं सांगते, डोळे मिटले असते तर लूमच. काठ्यांनी ड्रमच्या कडेवर खटक-पटक, खटक-पटक, पायाने खालचा मोठा ढोल, आणि तो वाढवत नेला, वाढवत नेला, एवढा की पत्रे थरथरायला लागले. मागच्या बाकांवरचे सगळे लूमवाले डुलू लागले. अन् त्यांची तोंडं हलायला लागली. सुपडूचं, त्याच्या बाजूच्याचं, सगळ्यांचं. सवयच ती, ढोलाबरोबर आपोआप आलेली.

निशाताईने ते पाहिलं. हात वर केला. हितेशने काठ्या थांबवल्या आणि नुसता पायाचा ढोल हळू चालू ठेवला. बाकीच्यांना एकदम स्वतःचा आवाज ऐकू आला आणि सगळे लाजून गप्प झाले.

एक जण नाही झाला. त्याला कुठे ऐकू येत होतं? फरशीतून ढोल तळपायाला लागत होता, त्याच्यासाठी लूम चालूच होता. मान वर, डोळे मिटलेले.

"मंदाना गुडघा दुखस वं, गुडघा दुखस."

अहिराणीत, आमच्या घरच्या बोलीत, भरल्या हॉलमध्ये, खणखणीत आवाजात. मला वाटलं धरणी फाटेल तर बरं. पण पोरं शिकवल्याप्रमाणे तयार होती. दोनशे पोरांनी जबाब दिला, गुडघा दुखस!

"पोरगी मन्ही सातवीमा, मन्हापेक्षा हुशार."

मन्हापेक्षा हुशार, म्हणाली पोरं. पूजाने मान वर केली.

असं चाललं. भाजीत मीठ नव्हतं, ते आलं. मी तीन दिवस रुसले होते ते आलं, आणि का रुसले ते कळेना, कुणाला विचारू, तेही आलं. दोन वर्षांपूर्वी पडून माझा गुडघा दुखावला आणि सुट्टी न मिळाल्याने हे दवाखान्यात आले नव्हते, तेव्हा लूमवर रडले, डोळ्यांना लावायला पदर नसतो म्हणून बाही लावली, हे मला त्या दिवशी कळलं. आणि मग सकाळचं आलं.

"मंदा म्हने, येऊ नका, तुम्हले ऐकू येत नही. कान गयात ते जाऊ दे वं, तुले देखाले येस मी."

कान गेले तर जाऊ दे, तुला बघायला येतो मी. पोरांनी तेवढंच उचललं. देखाले येस मी, देखाले येस मी. हितेशचा पाय थांबला तरी पोरं थांबेनात.

फरशी शांत झाली तसे ह्यांनी डोळे उघडले. सगळा हॉल त्यांच्याकडे बघत होता. निशाताई मागे चालत आली, त्यांच्यासमोर उकिडवी बसली, आणि हे कुठलं गाणं म्हणून तिने मोठ्याने विचारलं. तिचे डोळे भरले होते.

"गाणं नाही ताई," हे म्हणाले. "घरचं बोलणं आहे आमचं."

घरचं बोलणं म्हणे! घरात मी काय मालक होते का, की माझ्यासमोर तोंड उघडू नये? असं मनात आलं आणि तिथल्या तिथे तो प्रश्न माझ्यावरच उलटला. एकोणीस वर्षांत मी ह्यांना एक वाक्य पुरं करू दिलं होतं का? प्रश्न मीच विचारायचा, उत्तर मीच द्यायचं, आणि बोलत नाही म्हणून रुसायचं ते पण मीच. मी दाराला धरून रडले. सगळ्यांसमोर रडले, लाज कसली ती वाटली नाही.

परतताना पूजा मैत्रिणींबरोबर पुढे गेली. आम्ही दोघं मागे. मी ह्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं, आता म्हणा ना अजून. ह्यांनी इकडेतिकडे पाहिलं. ओशाळून म्हणाले, "आठे कसं म्हनू वं? आठे तर सगळं गुपचूप शे."

इथे शांत आहे, म्हणून म्हणता येईना!

सुट्टी फक्त ह्यांच्या लूमना होती, मागची गल्ली चालूच होती. मी ह्यांचं मनगट धरलं आणि भर दुपारी, लोकांच्या देखत, त्या गल्लीत वळवलं. दोन्ही बाजूंनी शेड, उघड्या खिडक्यांतून खडखडाट बाहेर पडतोय, जमीन हलतेय. एका खिडकीखाली मी त्यांना उभं केलं आणि समोर उभी राहिले. त्यांनी एकदा वर खिडकीकडे पाहिलं. मग मान वर गेली आणि तोंड हलायला लागलं. डोळे मात्र ह्या वेळी उघडे होते.

किती वेळ उभे होतो कुणास ठाऊक. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मी मधे एकदाही बोलले नाही.