अम्मा नको

‘दाणं टाकत ऱ्हा, नब्बू. जातं रिकामं फिरवू नगं. दगड झिजतो न् कच पिठात येती.’

हा आवाज इतका जुना होता, की नबीलाला तो कानानं नव्हे, गालानं आठवायचा. पहाटे तिची अम्मा, इमामबी, दळायला बसली की पोर तिच्या मांडीवर डोकं टेकून पडायची, आणि जात्याची घरघर मांडीतून चढून गालात शिरायची. इमामबीचं माहेर वेल्ह्याच्या खोऱ्यातलं. तिथल्या बायांबरोबर दळता दळता ओव्या तिच्या गळ्यात उतरल्या, आणि भोरला नांदायला आली तेव्हा भांड्याकुंड्यांसोबत त्याही आल्या. नमाज ती बापाकडून शिकली, ओवी शेजारणीकडून; तिच्या लेखी दोन्ही पहाटेचीच कामं.

पुढं गल्लीच्या तोंडाला गिरणी झाली. जातं मोरीपाशी उलटं पडलं, आणि पुढच्या खोलीतल्या त्याच कोपऱ्यात नबीलानं कॉम्प्युटर उभा केला.

उभा केला म्हणजे खरोखरच उभा केला. दुकानातून खोक्यात बांधून आणलेला नव्हे. पुण्याहून एकेक सुटा भाग आणायचा, पेच आवळायचे, वायरी ओवायच्या. मॉनिटर तर ती एसटीत मांडीवर घेऊन आली, तेव्हा कंडक्टर म्हणाला होता, ‘पोरी, लेकराचं अर्धं तिकीट काढ.’ डब्याचं एका बाजूचं झाकण काही केल्या बसेना, म्हणून तो तसाच उघडा राहिला आणि आतला पंखा घरभर घरघरत राहिला. अम्मा ओट्यावरून ऐकायची आणि हसायची. ‘जातंच हाय की गं हे. दाणं कुठनं टाकायचं?’

एक कॉम्प्युटर आणि भावंडं दोन. पुण्यात खोली घेऊन छपाईचं काम शिकून आलेला थोरला झुल्फिकार त्याच खोलीत लग्नपत्रिका न् दुकानांच्या पाट्या जुळवायचा. त्याला विंडोज लागे. नबीलाचा जीव मासिकाबरोबर आलेल्या सीडीतल्या लिनक्सवर, कॉम्प्युटर चालवायच्या दुसऱ्या प्रणालीवर, जडलेला. भांडण नको म्हणून तिनं डिस्कची वाटणी केली आणि मधोमध बांध घातला. कॉम्प्युटर लावला की काळ्या पडद्यावर दोन ओळी यायच्या. वरची तिची, खालची त्याची. बाण खाली-वर करायचा, आपल्या ओळीवर यायचं, एंटर मारायचं. विंडोजच्या बाजूनं बघितलं तर बांधापलीकडचं शेत दिसायचं नाही. त्या जागी नुसतं लिहिलेलं असायचं, ‘अननोन’. अनोळखी.

शेवटच्या हिवाळ्यात अम्मा अंथरुणाला खिळली. तेव्हा झुल्फिकार कामाला बाहेर गेला की नबीलानं माईक जोडला, आवाज आपल्या शेतात उतरवायला घेतला आणि म्हणाली, ‘टाक दाणं.’

अम्मा गायली. खोकल्याच्या उबळी सांभाळत गायली. नबीलाची ओवी, टेम्पो चालवत जाऊन एक दिवस परत न आलेल्या अब्बाची ओवी, माहेरच्या ज्ञानूच्या म्हशीची ओवी, जिनं लहानपणी तिला ओढ्यात पाडलं होतं. मग एका दुपारी म्हणाली, ‘आता तू भाईर जा. ह्यातलं माझ्या एकटीचं हाय.’ नबीला माईक चालू ठेवून पायरीवर जाऊन बसली. दाराआडून नुसती चाल ऐकू येत होती, शब्द नाही.

अम्मा गेल्यावर बाकीच्या ओव्या नबीलानं हेडफोन लावून कितीदा तरी ऐकल्या, पण त्या दुपारच्या ओव्यांना हात लावायची छाती झाली नाही. त्या ईदेला ऐकायच्या, असं तिनं मनाशी ठरवलं. गोड काही मागं राखून ठेवावं तसं.

ईदेच्या आधी ती मावशीकडं नसरापूरला गेली. परत येऊन कॉम्प्युटर लावला, तर काळा पडदा नाही, दोन ओळी नाहीत. सरळ विंडोजच उगवलं.

‘नवीन टाकलं,’ झुल्फिकार पाठमोराच म्हणाला. ‘लई रेंगाळत व्हतं. जागा बी वाढवून घेतली.’

‘आन् माझं?’

‘तुझं कुठलं? अननोन लिव्हलं व्हतं. मला काय म्हाईत!’

अम्माच्या सगळ्या ओव्या गेल्या होत्या. नबीला रडली नाही. रडली असती तर तिथंच मिटलं असतं. झुल्फिकारनं पाठीवर हात फिरवला असता, दोघांनी अम्माच्या नावानं उसासे टाकले असते, शेवयांची खीर खाल्ली असती. तिनं डोळे कोरडे ठेवले आणि आतली आग राखेखाली नीट झाकली, सकाळी चुलीला लागते तशी.

आठवडाभरात तिनं पुन्हा बांध घातला, पुन्हा लिनक्स बसवलं. नव्या शेतात काहीच नव्हतं, पण त्या दोन ओळींना नावं काय द्यायची ते तिच्या हातात होतं. भाकरी थापावी तितक्या निवांतपणे तिनं ती इंग्रजी अक्षरांत टाइप केली.

वरची ओळ: अम्मा.

खालची ओळ: अम्मा नको.

दुसऱ्या दिवशी झुल्फिकारनं कॉम्प्युटर लावला आणि तो खुर्चीतच थिजला. ‘हे काय गं?’

‘लिनक्सचं नाव हाय. तुला कुठं लिनक्स पायजे? खालची ओळ तुझी.’

‘गंमत करती व्हय?’

‘मी कशाला गंमत करीन, भाई? तुला पायजे ते निवड.’

त्यानं बाण खाली नेला. अम्मा नको. एंटर.

भोरला तेव्हा लोडशेडिंग असं, की लाईट घरात पाहुण्यासारखी यायची. सकाळी जायची, दुपारी यायची, चहाला परत गायब. यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली. लाईट आली की पंख्याची घरघर, मग काळा पडदा, मग त्या दोन ओळी. नबीला कुठंही असली, ओट्यापाशी असो की मोरीवर, तिचे कान तिकडंच लागलेले असायचे. घरघर झाली की ती हातातलं काम थांबवायची. मग एक टक. बाण खाली. मग एंटर. तो आवाज आला की तिच्या छातीत काहीतरी थंडगार सांडायचं, उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं तसं. ‘म्हण,’ ती मनात म्हणायची. ‘परत म्हण, अम्मा नको.’

सुरुवातीला दहा सेकंद काही निवडलं नाही तर कॉम्प्युटर आपोआप वरच्या ओळीत शिरायचा. झुल्फिकार मग चहाला उठून जायला लागला, विंडोज न निवडता. नको म्हणणं तेवढंच लांबायचं; नंतर येऊन परत बंद-चालू करून खालची ओळ घ्यावीच लागायची. नबीलाला ते कळलं आणि तिनं ते सेकंदही काढून टाकले. आता त्याचं बोट लागल्याशिवाय पडदा हलत नव्हता.

पुण्याहून कुणा जाणत्याला बोलावून ती यादी पुसून घेता आली असती. पण त्या माणसाला या दोन ओळी काय आहेत ते सांगावं लागलं असतं. आणि एकदा पुसलेल्या जागेला परत हात लावायला झुल्फिकार धजत नव्हता. का, ते नबीलाला कळत नव्हतं. तिला वाटायचं, लाजला. चुकून केलं म्हणून लाजला. तेवढ्यानं तिचं पोट भरत नव्हतं. जेवताना ती त्याला जास्तीची भाकरी वाढायची, वर तूप घालायची, आणि म्हणायची, ‘अम्मा अशीच वाढायची, न्हाई का?’ तो खाली मान घालून चावत राहायचा.

पावसाळा सरता सरता वेल्ह्याकडनं ज्ञानू आला. तोच, म्हशीवाला. आता म्हातारा झालेला. नात शिवानीच्या लग्नाच्या पत्रिका काढायच्या होत्या. खुर्चीत टेकला आणि तेवढ्यात लाईट गेली.

‘घ्या! आमच्या खोऱ्यात धरण, न् अंधार बी आमालाच. तुमच्याकडं तरी उजेड असंल म्हणून आलो, तर हितं बी तीच बोंब!’

गप्पा मारता मारता लाईट आली. पंखा घरघरला. काळा पडदा उजळला. ज्ञानूनं चष्मा पुसून पुढं वाकून वाचलं. ‘ए… एम… एम… ए. अम्मा! आरं वा, झुल्फी! इमामक्काचं नाव घातलंस व्हय मशिनीला? लई गुणाचा हैस.’

झुल्फिकारचं बोट बाणावर होतं. ते हललं नाही.

‘आन् खाली? अम्मा… न-को.’ ज्ञानूनं चष्मा वर सरकवला. ‘हे काय रं? आईला नको म्हणतंय व्हय तुझं मशीन? वरलं दाब की. अक्काचं कायतरी असंल, बघू दे.’

नबीला चहा घेऊन दारात उभी होती. ‘दाब ना, भाई. मामा म्हणत्यात.’

त्यानं तिच्याकडं पाहिलं. सगळ्या महिन्यांत पहिल्यांदाच सरळ पाहिलं. मग वरच्या ओळीवर एंटर मारलं. पडद्यावरून अक्षरांची रांग सरसरत गेली आणि शेवटी काळोखात एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली.

ज्ञानूनं वाट पाहिली. ‘काय न्हाई व्हय ह्यात?’

‘व्हतं, मामा,’ नबीला म्हणाली आणि कप त्याच्या हातात दिला. ‘तुमच्या अक्काचा आवाज व्हता. आमच्या भाईनं जागा वाढवून घेतली.’

म्हाताऱ्यानं चहा अर्धाच प्यायला. पत्रिकेचं उद्या बघू म्हणाला, टोपी चाचपली आणि पायऱ्या उतरून गेला.

दार लागलं तसा झुल्फिकार उसळला. खुर्ची मागं जाऊन भिंतीवर आपटली. ‘झालं समाधान? गावापुढं नागडा केलास मला! तुझी अम्मा, तुझी अम्मा! तुझं गायली, अब्बाचं गायली, त्या ज्ञानूच्या म्हशीचं गायली. न् माझं काय गायली, ते म्हाईत तरी हाय का तुला?’



नबीलानं ज्ञानूचा अर्धा कप उचलला, टेबलावरचं ओलं वर्तुळ पदरानं पुसलं, मग विचारलं, ‘म्हशीचं गायली ते तुला कसं कळलं?’

तो आपटलेली खुर्ची सरळ करायला वळला.

‘अननोन व्हतं न्हवं तुला?’

तो खाली बसला. बसला म्हणजे कोसळलाच. ‘तू मावशीकडं गेलतीस,’ तो म्हणाला. ‘लाईट आली, न् त्यो आपसूक तुझ्या भागात गेला. समोरच व्हतं, अम्मा म्हणून. म्या लावलं. सगळं ऐकलं. ते शेवटचं बी.’

इतके दिवस ती त्याच्या निष्काळजीपणावर सूड उगवत होती. निष्काळजीपणा नव्हताच तो. दगड मारायला उचलावा आणि मुठीत साप निघावा, तसं तिला झालं.

‘काय व्हतं त्यात?’

‘नको, नब्बू.’

तिनं कपाट उघडलं, खालच्या कप्प्यातून माईक काढला आणि जोडला. काळ्या पडद्यावर दोन-चार अक्षरं टाइप केली. आवाज कॉम्प्युटरात उतरायला लागला. माईक तिनं त्याच्यापुढं धरला, अम्मापुढं धरला होता तसाच.

‘म्हण.’

‘मला न्हाई येत गायला.’

‘पुसायला आलं तुला. म्हण.’

‘नब्बू, ती पुण्याला आलती न्हवं, माझ्या खोलीवर…’

नबीलाला तो दिवस आठवला. पहाटेच्या एसटीनं भाकऱ्या बांधून गेलेली अम्मा त्याच संध्याकाळी परत आली होती. ‘भेटला. मजेत हाय,’ एवढंच म्हणाली होती, आणि न जेवता भिंतीकडं तोंड करून निजली होती.

‘गोष्ट नको सांगू,’ नबीला म्हणाली. ‘ती गायली तसंच म्हण. वरच्या ओळीत आता हे ऱ्हाईल. अम्माच्या नावाखाली तुझा आवाज. लाईट आली की रोज ऐक. न ऐकायचं असंल, तर खालची ओळ हायच.’

आपला आवाज एवढा सपाट निघालेला ऐकून ती स्वतःच दचकली. इतके महिने ती जातं रिकामंच फिरवत होती, आणि कच आता तिच्याही दातांखाली करकरत होती. पण माईक धरलेला हात तिनं खाली घेतला नाही.

झुल्फिकारनं डोळे मिटले. चाल त्याला बरोबर येत होती. त्याच मांडीवर तोही कधी निजला होता. घोगऱ्या, फाटक्या गळ्यानं त्यानं सूर लावला.

‘पुण्याच्या गं खोलीवर, लेक दोस्तांत बसला,
“कोण बाई?” पुसताना, खाली बघून हसला…’

तो थांबला.

‘पुढं,’ नबीला म्हणाली.

‘भाकरीचं गठुडं म्या, उंबऱ्याशी गं ठेविलं…’

‘पुढं, भाई.’

‘लेकाच्या गं लाजंपायी, नाव माझं म्या गिळिलं.’