येते म्हणाली होती

"ताई, जो शब्द वापरलात तोच सांगा. घरातून निघताना तुम्ही काय म्हणालात?" टेबलावरच्या फोनमधून दुभाष्याचा आवाज आला.

"काय म्हणणार?" आई म्हणाली. "सासूबाई दारातच लसूण सोलत बसलेल्या. म्हटलं, येते हं."

दुभाष्यानं ते इथल्या भाषेत न्यायाधीशबाईंना सांगितलं, "ती म्हणाली, मी परत येणार आहे."

मागच्या बाकावर आईची पोरगी ताठ झाली. आईबरोबर लाँड्रीत राबणाऱ्या बायका हिला ठिणगी म्हणायच्या ते उगाच नाही. शाळेतही ती टिकली नाही ती ह्या डोक्यापायीच. जन्म इथला, म्हणून हिचे कागद पक्के. आईचे कधी नव्हतेच. हिला पोटात घेऊन ती नवऱ्याच्या घरातून पळाली, सोळा वर्षं लोकांच्या चादरींना इस्त्री केली, आणि गेल्या हिवाळ्यात लाँड्रीवर धाड पडली. आज एवढंच ठरायचं होतं: ज्या नवऱ्यानं अंगावर रॉकेल ओतलं त्याच्याच देशात, त्याच्याच तावडीत आईला परत धाडायचं की नाही.

सरकारी वकिलाला आयतंच सापडलं. "जीव घेऊन पळणारी बाई, परत येते असं सांगून निघते?"

"परत कुठून आणलंत?" ठिणगी उभीच राहिली. "आई परत म्हणालीच नाही! आमच्यात जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात. बाजारात जातानासुद्धा!"

"तुम्ही साक्षीदार नाही. खाली बसा," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

आईची वकीलबाई फुकट लढायची, पण जीव तोडून. तिनं विनंती केली, "ह्या शब्दाचा अर्थ दुभाष्यालाच विचारा."

"मला अर्थ सांगायची परवानगी नाही," फोन म्हणाला. "बोललेलं फक्त भाषांतर करतो."

मग आईलाच विचारलं, असं का म्हणालात?

आईला जरा हसूच आलं. "अहो भाऊ, जाते कसं म्हणणार? मेलेलं माणूस जातं."

"घरातून जाणं म्हणजे मरणं, असं ती म्हणते," दुभाष्यानं सांगितलं.

न्यायाधीशबाईंनी पेन उचललं. "म्हणजे घर सोडलं तर जिवे मारू, अशी सासूची धमकी होती?"

हो म्हण, ठिणगी मनातल्या मनात ओरडत होती. एकदाच हो म्हण गं बाई.

"छे हो," आई म्हणाली. "सासूबाई कशाला धमकी देतील? गरीब बिचाऱ्या. त्याची नजर चुकवून मला दूध द्यायच्या. बोलायची रीत असते ती."

पेन खाली गेलं.

निकालाला फार वेळ लागलाच नाही. जबाब एकमेकांशी जुळत नाहीत, भीती खरी वाटत नाही, अर्ज नामंजूर. दुभाष्यानं तेही सपाट आवाजात आईला सांगितलं. मग जरा थांबून, आपल्या माणसाशी बोलावं तसा म्हणाला, "बरं ताई, येतो मी. काळजी घ्या."

फोन कट.

"ऐकलंत?" ठिणगी बाक ओलांडून पुढं आली. "तोही येतो म्हणाला! कुठून येणारय तो, त्या फोनमधून? विचारा ना त्याला!"

वकीलबाई धडपडत उठली. "त्याला परत जोडा, एक मिनिट फक्त."

"दुभाष्याचं बोलणं पुरावा होत नाही," न्यायाधीशबाई कागद आवरत म्हणाल्या. "आणि निकालानंतरचं रेकॉर्ड होत नाही."

शिपायानं ठिणगीचं कोपर धरलं. ओढलं नाही, नुसतं धरलं. त्याचाच तिला जास्त संताप आला.

वकीलबाई म्हणाली, अपील करू. पण तोवर पाठवणी थांबेल की नाही, ते सांगता येत नाही. सांगताना ती आईकडे बघत नव्हती.

बाहेर खिडकीवर पाठवणीसाठी नाव नोंदवायचं होतं. तिथं दुभाष्या मिळत नाही. कारकुनानं ठिणगीलाच विचारलं, तिकडे कुठल्या पत्त्यावर राहणार?

"आई, तिकडचा पत्ता मागतोय."

आई विचारात पडली. "माहेरी तर कुणी उरलं नाही. मला तो एकच पाठ आहे."

"तो नको. खोटा सांग कुठलाही."

"खोटा कसा सांगू? उद्या तू मला शोधत आलीस तर?"

मागची रांग वाढत होती. आई खिडकीच्या फळीवर दोन्ही हात ठेवून पत्ता सांगायला लागली. आधी नवऱ्याचं नाव, मग गल्ली, मग गाव. ठिणगी एकेक अक्षर सुटं करून कारकुनाला देत होती. गल्लीचं नाव त्यानं दोनदा चुकवलं, तिनं दोनदा सुधारलं.

"झालं," कारकून म्हणाला.

"अजून सांग त्याला," आई म्हणाली. "म्हणावं, मागच्या अंगणातून यायचं. पुढच्या दाराला ते आतून कडी घालतात."

ठिणगीनं सांगितलं.

"एवढं लागत नाही," कारकून म्हणाला, आणि त्यानं पुढच्या माणसाला हाक मारली.