मागे कुणी नाही

सायकलवाल्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, आणि ते मी कधी लपवूनही ठेवलेलं नाही. या पाइनच्या रानात माझी घोडी टॉफी आणि मी त्यांच्या कितीतरी आधीपासून फिरतोय. तेव्हा इथे लाकडं वाहणारे ट्रक आणि आम्ही घोडेवाले, एवढेच असायचो. मग हे आले, गुडघ्यांना ढाली बांधून. डोंगरभर वाटा कोरल्या आणि त्यांना काहीच्या बाही नावं दिली. माझ्या कुरणाच्या वरच्या अंगाने जी वाट खाली उतरते, तिचं नाव 'ओला मोजा'. का, ते विचारू नका. मी विचारलं तेव्हा प्रत्येकाने वेगळं कारण सांगितलं.

एक मात्र कबूल करायला हवं. ब्रेंट टलक क्लबचा अध्यक्ष झाला आणि हे लोक जरा माणसात आले. ओला मोजा त्याने एकमार्गी करून घेतला, फक्त वरून खाली. फाट्याफाट्यावर बाण लावले, तेही स्वतः रंगवून. चालणाऱ्याला आधी वाट द्यायची. घोडा दिसला की थांबायचं, आणि मुकाट्याने न थांबता दोन शब्द बोलायचे, म्हणजे हेल्मेटखाली माणूस आहे हे जनावराला कळतं. आणि सगळ्यात मोठा नियम मोजणीचा. टोळीतला प्रत्येक जण समोरच्याला सांगत जातो, मागे अजून किती आहेत. 'मागे दोन.' 'मागे एक.' शेवटचा म्हणतो, 'मागे कुणी नाही.'

माझी घोड्याची वाट ओल्या मोज्याला जिथे आडवी जाते, तिथून वरचं वळण दिसत नाही. नेच्यांची झाडं दोन्ही बाजूंनी वाढलेली. त्यामुळे 'मागे कुणी नाही' ऐकू आलं की मी टॉफीला टाच मारते. त्या तीन शब्दांवर भरवसा ठेवण्यावाचून मला इलाज नाही. ब्रेंट शाळेच्या मैदानावर पोरांकडून हे शब्द पाढ्यासारखे घोकून घ्यायचा, तेव्हा कुंपणापलीकडून मीसुद्धा मान डोलवली आहे.

ब्रेंटचा बाप आल्बी. जन्मभर गाईंची दुधं काढली. बायको गेल्यावर गाई विकल्या आणि सत्तरी उलटल्यावर बॅटरीची सायकल घेतली. क्लबातल्या तरण्यांना बॅटरीचं भारी वावडं. स्वतःच्या पायांनी चढला नाहीस तर उतारावर तुझा हक्क काय, असा त्यांचा हिशेब. एकाने आल्बीला विचारलं होतं, "रात्री चार्जिंगला काय लावतोस, सायकल की स्वतःला?" आल्बी म्हणाला, "दोघांनाही. प्लग एकच आहे, पाळी लावून घेतलीय."

त्याने सायकलच्या दांड्याला घरच्या गाईच्या गळ्यातली घंटा बांधली होती. रविवारी ब्रेंट सुसाट खाली जायचा आणि त्याच्या मागून खडाळ खडाळ करत आल्बी. मला ते ओट्यावर बसून ऐकू यायचं. टॉफी कान टवकारायची आणि आल्बी आहे म्हटल्यावर पुन्हा चरायला लागायची. "आठवडाभर रविवारची वाट बघतो मी," असं आल्बी कुणालाही सांगायचा. पोरगा बरोबर असतो, एवढंच त्याला पुरे होतं.

त्या रविवारी ऑकलंडहून दोन पाहुणे आले होते. ब्रेंट विशीत ज्यांच्याबरोबर शर्यती मारायचा, ते दोघे. मी टॉफीला घेऊन वाटेशी उभी होते. पहिला पाहुणा आला, थांबला, घोडी छान आहे म्हणाला, "मागे दोन" असं सांगून खाली गेला. दुसरा आला, "मागे एक" म्हणाला आणि पहिल्याजवळ थोडं खाली जाऊन थांबला. मग ब्रेंट आला.

मी सहज विचारलं, "आज आल्बी नाही?"

खालून दुसऱ्याने विचारलं, "आल्बी कोण?"

ब्रेंटने माझ्याकडे बघितलं नाही. चेन अडकल्यासारखं दाखवत खाली वाकून पेडल चाचपत राहिला आणि म्हणाला, "मागे कुणी नाही." मग खाली पाहुण्यांकडे गेला.

घंटा वाजत नव्हती. माणूस ब्रेंट होता. मी टाच मारली.

टॉफी वाटेच्या बरोबर मधोमध असताना आल्बी वळणावरून आला. त्याला समोर आडवी घोडी दिसली आणि त्याने सायकल सरळ दरडीत घातली. दुसरं काही करायला जागाच नव्हती. टॉफी मागच्या पायांवर उभी राहिली, मी तिच्या मानेला मिठी मारून कशीबशी टिकले. खाली बघितलं तर चरात नेच्यांमध्ये आल्बी आडवा, एक खांदा भलतीकडेच वळलेला, आणि सायकलचं चाक अजून फिरत होतं.

आणि मी काय केलं? खेकसले त्याच्यावर. "बहिरा झालास का रे? ती मेली घंटा कुठे गेली तुझी?"

"खिशात," आल्बी म्हणाला. मग टॉफीकडे बघून म्हणाला, "माफ कर, बाई." घोडीची माफी मागत होता तो.

ब्रेंट धावत वर आला. त्याच्या मागोमाग पाहुणेही. बापाला चरातून उचलून वाटेवर बसवताना जाकिटाच्या खिशातून घंटा घरंगळली आणि वाटेवर येऊन पडली. ब्रेंटने ती उचलली खरी, पण ठेवावी कुठे ते त्याला कळेना. ती खिशात का होती, हे मला त्याच्या तोंडाकडे बघून समजलं. कुणी काही सांगायची गरज पडली नाही. पाहुण्यांसमोर तो खडखडाट नको होता त्याला. पण तोंडाने तो म्हणाला, "डॅड, तुला सांगितलं होतं ना, सोप्या वाटेने घरी जा म्हणून?"

"हे तुझे वडील?" पाहुण्याने विचारलं.

ब्रेंट घंटेवरची माती पुसत राहिला. आल्बीच म्हणाला, "चूक माझी. जरा जोरात आलो."

आल्बीचं गळपट्टीचं हाड मोडलं होतं. गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही, आणि जी पसरली ती अशी, की म्हातारा बॅटरीच्या जोरावर भन्नाट आला आणि नोलीन हार्कनेसच्या, म्हणजे माझ्या, घोडीखाली जाता जाता वाचला. बॅटरीला नाकं मुरडणारा क्लबातला नेव्हिल स्ट्रँग अशाच संधीला टपलेला. त्याने क्लबची सभा मागितली. बॅटरीच्या सायकलींना ओल्या मोज्यावर बंदी, असा ठराव.

मी तोवर कुणाजवळ तोंड उघडलं नाही. माझं तोंड ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे पटणार नाही. पण चरात पडलेल्या माणसावर मी ओरडले होते, ते काही केल्या मनातून जाईना. टॉफीला खरारा करतानाही ते आठवून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शिवाय मला वाटत होतं, ब्रेंट स्वतः सांगेल. सांगायलाच हवं त्याने. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं तर होणार नाही ना त्याचं? नाहीच बोलला तर मी उठणार होते. घरातून निघताना एकेक वाक्य घोळवलं होतं मी.

सभेला नेहमीप्रमाणे प्रत्येकाने खायला काहीतरी आणलेलं. मी अंडी-बेकन भरलेला 'पाय' भाजून नेला होता. ब्रेंट टेबलामागे, अध्यक्षाच्या खुर्चीत. आल्बी पहिल्या रांगेत, हात झोळीत, स्वच्छ दाढी केलेला. नेव्हिलने भाषण ठोकलं. क्लबने इतकी वर्षं घोडेवाल्यांशी जे जुळवून आणलं ते एका मोटारीपायी मातीत जाणार, वगैरे. बोलताना माझ्याकडे हात करत होता. माझी बाजू नेव्हिल स्ट्रँगने घ्यावी, असे दिवस आले.

मग आल्बी उठला. त्याला उठायला कुणी सांगितलं नव्हतं.

"जोरात आलो, घंटा वाजवली नाही," तो म्हणाला. "नोलीनला काही झालं असतं तर? बंदी घाला, रास्त आहे. मी डांबरी रस्त्याने हिंडेन." आणि बसला. रविवारचं नाव त्याने काढलं नाही.

ब्रेंट टेबलाकडे बघत होता. ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करावेत, असं म्हणायचं होतं त्याला. "ठरावाच्या बाजूने..." म्हणाला आणि थांबला. पाणी प्यायला. पुन्हा म्हणाला, "ठरावाच्या..." मी खुर्चीच्या कडेला आले होते. हात वर जायला लागले, नेव्हिलचा सगळ्यात आधी.

"हात खाली करा," ब्रेंट म्हणाला. "नोलीनने वाट ओलांडली ती माझ्या शब्दावर. मी तिला म्हणालो, मागे कुणी नाही. डॅड मागे होता. मला माहीत होतं."

नेव्हिलचा हात तसाच वर राहिलेला. "मग म्हणालास कशाला?"

"लाज वाटली. त्या दोघांसमोर, डॅडची." त्याचं तोंड लालबुंद झालं होतं. "घंटाही मीच काढायला लावली."

सभागृहात कुणी कुणाकडे बघेना. याच माणसाने गावातल्या पोराटोरांना ते तीन शब्द शिकवले होते, आणि ती पोरं मागच्या रांगेत आपापल्या आयांशेजारी बसली होती. मला वाटलं होतं, हे बाहेर आलं की माझ्या जिवाला थंडावा मिळेल. उलट त्याच्याकडे बघवेना. एवढा उंच माणूस, उभं राहावं की बसावं ते त्याला कळत नव्हतं. नेव्हिल पुटपुटला की ठराव मागे घेतो, आणि मग सगळे एकदम खाण्याच्या टेबलाकडे वळले, भूक लागल्यासारखे.

मी चहाच्या भांड्यापाशी कप विसळत होते, पाठ करून. आल्बी तिथेच खुर्ची ओढून बसला होता. ब्रेंट चहा घेऊन त्याच्यापाशी आला.

"डॅड, मी..."

"ऐकलं होतं मी," आल्बी म्हणाला.

"काय?"

"तेव्हाच. वरच्या वळणावर होतो. रानात आवाज चढतो वर. जोरात नव्हतो रे मी. ते ऐकलं, आणि ब्रेककडे हातच गेला नाही."

मी नळ बंद केला नाही. बंद केला असता तर मी ऐकलं हे त्यांना कळलं असतं. बऱ्याच वेळाने मागे वळून पाहिलं, तर ब्रेंट बापाच्या पायांशी जमिनीवर बसला होता, मान खाली घालून, आणि चहाचा कप अजून त्याच्याच हातात होता.