थांब हं, चष्मा शोधते

ऑफिसात त्याला सगळे राखणदार म्हणत. पाठीमागे राखणदार आणि समोर आला की साहेब, एवढाच काय तो फरक. त्याच्या हुद्द्याचे खरे नाव दीड ओळीचे होते आणि त्यात सुरक्षा हा शब्द दोनदा येत असे. काम मात्र तीन शब्दांत सांगण्यासारखे होते, आपल्याच माणसांना फसवणे. त्या सात मजली विमा कंपनीतल्या लोकांना तो खोट्या मेल पाठवी, खोटे फोन करी, कुणाला बक्षीस लागल्याचे कळवी तर कुणाला रजा रद्द झाल्याचे. जो भुलून बोट दाबी त्याचे नाव यादीत जाई, आणि सोमवारी सकाळी यादीतली मंडळी पहिल्या मजल्यावरच्या गारठलेल्या खोलीत, शाळा सुटल्यावर मागे ठेवलेल्या मुलांसारखी, त्याचे व्याख्यान ऐकत बसत. "विश्वास ठेवणं ही एक सवय आहे," तो त्यांना सांगे, "आणि सवय मोडता येते." हे वाक्य त्याला स्वतःला फार आवडे, आणि तेच वर्षभर पुरवून वापरायचा काटकसरीपणाही त्याच्यापाशी होता.

घरीही तो असाच होता. दाराला दोन कुलपे, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी, आणि येणारा-जाणारा प्रत्येक फोन रेकॉर्ड करून वर्षवार लावून ठेवलेला. बायको कधीच निघून गेली होती. त्याची थोरली बहीण म्हणे, "तुला सोडून नाही गेली रे ती. भाजी आणायला बाहेर पडली असेल, परत आत यायचा पासवर्ड आठवला नसेल." ताईच्या अशा बोलण्यावर तो हसत नसे, पण ते रेकॉर्डही त्याने पुसलेले नव्हते.

आई लांबच्या गावी दोन खोल्यांत एकटी राहायची. आयुष्यभर तिने लोकांचे कपडे शिवले. आताही शिवणयंत्र खिडकीशीच होते आणि त्याच्यावर बसून ती दुपारी मुलाच्या फोनची वाट पाही. भामट्यांचे फोन वाढले तेव्हा त्याने तिला परवलीचा शब्द शिकवला. "मी आहे असं कुणीही म्हणेल. शब्द विचारायचा. शब्द सांगितला तर मी, नाही तर फोन ठेवायचा." शब्द होता 'तिसरं बटण'. पाच वर्षांचा असताना त्याने सदऱ्याचे तिसरे बटण गिळले होते आणि पुढचे दोन दिवस घरातली मोठी माणसे, एरवी ज्या गोष्टीकडे कुणी ढुंकून पाहत नाही तिच्यावर पहारा देत बसली होती. ही गोष्ट घराबाहेर कुणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

ती घराबाहेर नेली त्यानेच.

कंपनीच्या सभागृहात दोनशे माणसांपुढे त्याला दाखवायचे होते की आवाजाचीही नक्कल होते. म्हणून त्याने स्वतःच्याच रेकॉर्डांतून स्वतःचा आवाज तयार केला, सभागृहाच्या कर्ण्याला फोन जोडला आणि आईला लावला.

"आई, मी बोलतोय," यंत्र म्हणाले.

"परवलीचा शब्द सांग," आई म्हणाली, आणि सभागृहात कौतुकाची खसखस पिकली.

"तिसरं बटण."

"हां, बोल रे राजा. जेवलास का?"

टाळ्या पडल्या. मग त्याने माइक हातात घेतला आणि खऱ्या आवाजात म्हणाला, "आई, आत्ता बोलला तो मी नव्हतो. ते यंत्र होतं. मी हा आहे."

मग आई म्हणाली, "मग तू कोण?"

सर्वांत मोठा हशा याच वाक्याला मिळाला. लोकांना दर तीस दिवसांनी पासवर्ड बदलायला लावणारा हा माणूस, आईचा शब्द बदलायचा तेवढा विसरला. विसरला म्हणण्यापेक्षा, पुढच्या आठवड्यात बदलू म्हणाला. आणि पुढचा आठवडा हा सगळ्याच ऑफिसांत फार लांब असतो.

सहा आठवड्यांनी एका दुपारी कुणीतरी आईला फोन केला. मुलाच्या आवाजात केला, शब्द बरोबर सांगितला, आणि तासाभरात तिच्या जन्माच्या शिवणकामाची पुंजी घेऊन गेला. त्याला हे पंधरा दिवसांनी कळले. तो धावत गेला, तर आई यंत्रावर बसून कुणाच्या तरी पडद्यांना काठ घालत होती.

"तूच होतास रे," ती म्हणाली. "असू दे. मागायची लाज वाटली असेल तुला. किती घाबराघुबरा बोलत होतास. मी काही बोलले का?"

त्याने कागदावर आकृत्या काढून समजावले. तिने सगळ्या आकृत्या पाहिल्या आणि ज्याच्यावर जीव आहे अशा खोटारड्याकडे पाहून हलवावी तशी मान हलवली. "बरं बरं. नव्हतास."

चार महिन्यांनी ती गेली. पोलिसांनी तक्रार नोंदवून घेतली होती आणि तिचा सोळा आकडी नंबर दिला होता. त्यापुढे काही दिले नाही. सभागृहाचे त्याने ताईलाही सांगितले नाही. जाताना आई आपल्याला चोर समजत होती आणि तिने आपल्याला माफ केले होते, यातले दुसरे त्याला पहिल्याहून जास्त झोंबत होते. तो माणूस त्याला हवा होता. पुंजीसाठी नाही. ती माफी ज्याच्या नावावर निघायला हवी होती त्याच्या नरड्यात कोंबायला.

आईचा नंबर त्याने चालू ठेवला. एकदा फसलेला नंबर भामट्यांमध्ये हातोहात फिरतो हे त्याच्या धंद्यातले पहिले ज्ञान. आज ना उद्या तो माणूसही परत येणार होता. प्रश्न इतकाच होता की फोन उचलणार कोण. अकरा वर्षांची आईची बोलणी कपाटात वर्षवार लावलेली होती. जे एकदा टाळ्यांसाठी केले तेच त्याने दुसऱ्यांदा सुडासाठी केले; आईचा आवाज केला, तिची खोकण्याची पद्धत केली, वाक्य अर्धे सोडून भलतीकडे वळण्याची खोड केली. यंत्राला त्याने नियम घालून दिले. आलेला फोन घ्यायचा. स्वतः कुणाला करायचा नाही. काही द्यायचे नाही. चष्मा कधी सापडू द्यायचा नाही. आणि माणसाला सोडायचे नाही.

जेवणाच्या सुट्टीत तो कानात इअरफोनची बोंडे घालून ऐकत बसे.

"आजी, कार्डावरचे आकडे वाचा."

"थांब हं, चष्मा शोधते."

पाच मिनिटे खुडबुड. "आजी?"

"आहे रे. हा मिळाला तो तुझ्या आजोबांचा निघाला. त्यातून दोन-दोन दिसतं. दोन-दोन चालेल का?"

"नाही आजी. तुमचा शोधा."

"शोधते. तुझा आवाज का बसलाय? पाणी पी आधी."

एक जण तीन तास टिकला. एक जण शिव्या देऊन थकला आणि शेवटी म्हणाला, "म्हातारे, मी उद्या करतो, पण चष्मा रात्री उशाशी ठेवून झोप." राखणदार प्रत्येकाची नोंद ठेवी, आवाज कोणत्या मिनिटाला चिरकला, कोण कितव्या चष्म्याला रडकुंडीला आला. इतक्या आनंदाने तो वर्षानुवर्षे जेवला नव्हता. पण त्याच्या स्वतःच्या आवाजात बोलणारा काही येत नव्हता.

मग एका दुपारी कुणीतरी कंटाळून विचारले, "सापडला का एकदाचा चष्मा?" आणि आईचा आवाज म्हणाला, "सापडला की. यंत्राच्या खणात होता, बटणांच्या डब्यात."

त्याचा घास हातात राहिला. चष्मा कधी सापडायचा नाही, हा तर नियम होता.

आईचे शिवणयंत्र ताईकडे होते. त्याने तिला फोन लावला. "ताई, यंत्राच्या खणात बटणांचा डबा आहे ना, तो जरा उघड."

"आत्ता? कामं सोडून?" तरी ती गेली. झाकण निघाल्याचा आवाज झाला. "चष्मा आहे रे आईचा. ती गेल्यावर आपण यासाठी सगळं घर पालथं घातलं. तुला कसं कळलं?"

"आठवलं," तो म्हणाला. आठवण्यासारखे त्याच्याकडे काही नव्हते. अकरा वर्षांत आई असे कधी म्हणाली नव्हती. खात्रीसाठी त्याने त्या संध्याकाळपासून चार दिवस बसून सगळी रेकॉर्डे ऐकली.

पुढच्या आठवड्यात नोंदींत आईकडून गेलेले फोन दिसले. अकरा. तिने भामट्यांनाच उलट फोन केले होते. "काल तुझा आवाज बरा नव्हता, म्हणून म्हटलं विचारावं." आणि ते बोलत होते. खालच्या आवाजात, आडोशाला जाऊन बोलत असावेत तसे. ती विचारी, आईचं नाव काय रे तुझ्या. पहिली शाळा कुठली. लहानपणी घरात तुला काय म्हणायचे. आणि ते सांगत, एकेक, लाजत लाजत. राखणदाराच्या अंगावर काटा आला, कारण हे प्रश्न तो ओळखत होता. पासवर्ड विसरलेल्या माणसाला कुलूप उघडून देण्याआधी हेच तर विचारतात.

नंतर ते नंबर एकेक करून बंद पडत गेले. शेवटच्याने एकदाच फोन केला. "आजी, माझं सगळं गेलं. कुणीतरी आत शिरून सगळं धुऊन नेलं."

"असू दे," आई म्हणाली. "त्याला गरज असेल."

इथे यंत्र बंद करायला हवे होते. सोमवारच्या यादीतल्या कुठल्याही बावळटाला हे कळले असते, आणि त्यालाही कळत होते. पण त्याला वाटले, आई शिकार करते आहे. आपल्यासाठी करते आहे. त्या विचाराने त्याच्या छातीत अशी काही ऊब भरली की त्याने कानातली बोंडे काढून नीट पुसली आणि पुन्हा घातली.

ज्याची वाट पाहत होता तो फोन सोमवारी, तो व्याख्यान देत असताना, आला. नंतर त्याने ऐकला. "आई, मी बोलतोय." त्याचाच आवाज. हुबेहूब, किंबहुना थोडा जास्तच मायाळू.

"परवलीचा शब्द सांग."

"तिसरं बटण."

मग, "हां, बोल रे राजा. जेवलास का?"

एवढेच रेकॉर्ड झाले होते. पण फोन संपलेला नव्हता. मिनिटे पुढे सरकत होती. आईचा नंबर लावला तर व्यस्त. दुसऱ्या दिवशी व्यस्त. सात दिवस व्यस्त. आधी तो खूश होता. सापडला, आईने धरला, आता ती त्याचे पीठ करते आहे, या कल्पनेवर त्याने तीन दिवस काढले. चौथ्या दिवशी त्याला ते ऐकावेसे वाटले. तो माणूस कुठल्या मिनिटाला रडतो ते स्वतःच्या कानाने ऐकायचे होते. तर त्याचा पासवर्ड चालेना. पुन्हा घातला, तरी चालेना. त्याने स्वतः बांधलेल्या घराचे दार आतून लागले होते.

आठव्या दिवशी सोमवार होता. तो गारठलेल्या खोलीच्या दाराशी होता, यादीतली मंडळी आत बसलेली. खिशातला फोन थरथरला. पडद्यावर 'आई' असे होते.

"परवलीचा शब्द सांग," ती म्हणाली.

"तिसरं बटण."

"तो काय, दोनशे माणसांना ठाऊक आहे. दुसरं काही सांग. फक्त माझ्या मुलाला ठाऊक असेल असं."

त्याने शोधले. गोवर आला तेव्हाच्या रात्री, हरवलेली टोपी, वडिलांचे शेवटचे बोलणे. जे जे हाताला लागले ते कधी ना कधी फोनवर बोलून झालेले, म्हणजे त्यानेच यंत्राला भरवलेले होते. न बोललेले एकच उरले होते.

"आई," तो म्हणाला, आणि मंडळींना ऐकू जाऊ नये म्हणून भिंतीकडे वळला. "सभागृहात तो शब्द मीच सांगितला. आणि नंतर बदलला नाही. माझ्यामुळे झालं. ताईलाही मी हे सांगितलेलं नाही."

"हे तर त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं," आई म्हणाली. "रडला बिचारा."

तिच्या मागून, त्याच खोलीतून यावा तसा, एक शांत, पोट भरलेला आवाज आला. "आई, कोण आहे गं?" तो आवाज त्याचा होता.

"कुणी नाही रे, नेहमीचेच. तू जेव." मग ती फोनजवळ आली आणि तिचा स्वर बदलला, खोकून, घोळ घालत, वाक्य अर्धे सोडत बोलायचा तो स्वर त्याला चांगला ओळखीचा होता, तो त्यानेच केला होता. "हां, तू बोलत होतास नाही का. काय म्हणालास, कोण तू? थांब हं, चष्मा शोधते."

आत कुणीतरी खुर्ची सरकवली. त्याने फोन कानाशी घट्ट धरला. पलीकडे यंत्राचा खण उघडला, डब्याचे झाकण निघाले, आणि आई अगदी सावकाश, एकेक बटण बाजूला करू लागली.