लेकीसारखी

मिशनच्या मडमबाईंनी परोपरीनं समजावलं, पण रमीबाईच्या डोक्यात त्यातलं एकच शिरलं. आपली पोर त्यांना द्यायची आणि त्यांची पोर आपण घ्यायची. मडमबाईंच्या मुलुखातली एक तरुण मुलगी वर्षभर नवापूरच्या या डोंगरात येऊन राहणार, आणि रमीबाईची सुसाना आगबोटीत बसून त्या मुलीच्या घरी, तिच्या आईजवळ जाणार. दोघींनी एकमेकींच्या घरची रीत शिकावी, देवाची लेकरं सगळी सारखी असं डोळ्यांनी बघावं, असा मडमबाईंचा थोर विचार. थोर विचार ज्यांना सुचतात त्यांना त्याची झळ कधी लागत नाही, ती भलत्यालाच लागते.

सुसाना मिशनच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, तिचा पाय आधीच घरात ठरत नव्हता. ती हो म्हणाली. तिचा बाप रेंग्या नवऱ्यासारखा नवरा, बायकोकडे बघून मान हलवणारा. त्यानं विचारलं, "हाई काय शे म्हणं?"

"साटंलोटं शे," रमीबाई म्हणाली. "त्यास्नी पोर नीट ठेवसूत, तं आपली नीट ऱ्हाई."

साटंलोटं म्हणजे काय हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिची स्वतःचीच सोयरीक तशी झालेली. ती रेंग्याच्या घरात आली आणि रेंग्याची बहीण कालीबाई तिच्या भावाच्या घरात गेली. भाऊ तापट, दारू पोटात गेली की त्याचा हात सुटे. मार खाल्लेली कालीबाई आठवड्याच्या बाजारात आईच्या गळ्यात पडून रडे, आणि त्या संध्याकाळी रमीबाईची सासू चुलीतलं लाकूड उचले. सासू काही कैदाशीण नव्हती. आधी सुनेला पोटभर जेवू घाली, मग दार लावून घेई. "मन्हा तुन्हावर काय राग नही शे, पोरी. पण तठे मन्ही पोरले मार पडना, तं आठे तुले पडी." रमीबाईच्या पोटरीवर तेव्हाचा चटका अजून होता. पुढे घर ख्रिस्ती झालं, सासू बाप्तिस्मा घेऊन मेली, पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. येशू क्षमा करतो हे रमीबाई दर रविवारी ऐके आणि मनापासून खरं मानी. मात्र क्षमा करणं हे येशूचं काम होतं, व्याह्यांचं नव्हे.

दिवाळीनंतर सुसाना गेली आणि ती दुसरी आली. इंग्रिड तिचं नाव, गावानं त्याची इंगरी केली. उंच, पिंगट केसांची, ऊन लागलं की लाल होणारी. मडमबाईंकडून शिकलेलं पुस्तकी मराठी बोले, आणि पहिल्याच दिवशी तिनं रमीबाईला "आई" म्हटलं. रमीबाईच्या अंगावर काटा आला. सून सासूला काय म्हणते ते ती विसरली नव्हती.

पण तिनं पोरीला ठेवली मात्र राणीसारखी. घरातली एकुलती खाट पोरीला दिली, नवराबायको जमिनीवर. कोंबडी कापली ती पोरीसाठी, तांदूळ शिजला तो पोरीसाठी, स्वतः नागलीची भाकर नि चटणी. इंगरीनं झाडू उचलला की रमीबाई तो हिसकावून घेई. पोरगी पाण्याच्या वाटेला मागे लागली की तिला हाताला धरून परत खाटेवर आणून बसवी.

"मला काहीतरी काम द्या ना, आई," इंगरी म्हणायची. "मी नुसती बसून असते. मला लाज वाटते."

"तू पाहुणी शे. बठी ऱ्हाय."

इंगरी खाटेवर बसून रडायची. तिला का रडू येतं ते रमीबाईला कळत नव्हतं. तिला एवढंच कळत होतं की इकडे जी कोंबडी कापली जाते, तिचा एक तुकडा कुठंतरी समुद्रापार सुसानाच्या ताटात पडतो. सबंध हिवाळा ती त्याच समाधानावर झोपली.

शिमग्याच्या सुमाराला तिकडची खबर आली. रविवारी मिशनच्या देवळातून बाहेर पडताना मडमबाईंनी रमीबाईला थांबवलं. त्यांचा चेहरा आनंदानं फुललेला होता.

"तुमच्या सुसानानं तिथं सगळ्यांची मनं जिंकली आहेत. पहाटे उठून गाई दोहते, फरशा घासते, भांडी धुते, दारातला बर्फसुद्धा उपसते! तिकडची आई म्हणते, ही माझी दुसरी लेकच. तिला अगदी लेकीसारखं वागवतात."

मडमबाईंच्या मुलुखात घरच्या माणसालाच कामाला लावतात, पाहुण्याला नाही. परक्या पोरीच्या हातात झाडू दिला म्हणजे तिला पोटाशी धरलं, असा तिकडचा हिशेब. हे मडमबाईंना इतकं उघड वाटलं की त्यांनी ते सांगितलंच नाही. रमीबाईनं ऐकलं ते एवढंच: मी इकडे त्यांच्या पोरीला खाटेवरून उतरू देत नाही, आणि ते माझ्या पोरीकडून फरशा घासून घेतात.

ती घरी आली. इंगरी खाटेवर बसून उसवलेला सदरा शिवत होती. रमीबाईनं तिचा दंड धरून खाली ओढलं आणि शेणाची पाटी तिच्या पायांपुढे आपटली.

"ऊठ. गोठा झाड. मंग घर सारव."

रेंग्या कळवळून म्हणाला, "अवं, पाहुणी शे ती!"

"मन्ही पोर तठे कोण शे मंग? मोलकरीण?"

इंगरीनं पाटीकडे पाहिलं, रमीबाईकडे पाहिलं, आणि तिचं तोंड उजळलं. "मी करू? खरंच?" असं म्हणून तिनं रमीबाईच्या गळ्यात हात टाकले. मग कोपरापर्यंत शेणात हात घालून, देवळातलं गाणं म्हणत, तिनं घर सारवलं, वाकडंतिकडं, पण मनापासून.

आता सांगा, शिवी दिली आणि समोरच्यानं ती आशीर्वाद समजून पायावर डोकं ठेवलं, तर शिवी देणाऱ्यानं करायचं काय? रमीबाईचा सूड पालथ्या घड्यावर पाणी झाला. पोरीला लागत नाही तोवर तो सूडच नव्हे, आणि सूड नाही तोवर तिकडच्यांना जरब नाही. मग तिनं हात वाढवला.

जात्यावर बसवलं. इंगरीच्या तळव्यांना फोड आले, फुटले, त्यांतून रक्त आलं. रविवारी ते तळवे तिनं मडमबाईंना हौसेनं दाखवले. "आता मी घरची झाले!" मडमबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी ते सगळं तिकडच्या आईला कळवलं. तिकडून उलट टपालानं कौतुक आलं: सुसानाही मागं नाही, आता ती लोणीसुद्धा काढते, लाकडंही फोडते. ते ऐकून रमीबाईनं इंगरीची खाट काढून घेतली आणि तिला शेळ्यांच्या बाजूला झोपवलं. एकीचं कौतुक समुद्र ओलांडून दुसरीच्या पाठीवर येऊन पडत होतं, आणि मधे मडमबाई दोन्हीकडे गोड बातम्या पोचवत होत्या. मडमबाईंसारखी चांगली बाई गावात असली की शत्रूची गरज राहत नाही.

चैत्रात मोहाची फुलं वेचायला इंगरीला काळोखात उठवून नेलं. तांदूळ बंद झाला, मग भाकरीही सगळ्यांची उरली तर. नाल्यावरच्या बायकांना गंमत वाटायला लागली. गोऱ्या पोरीच्या डोक्यावर आपलाही हंडा चढवायचा आणि तिचे पाय लटपटले की तोंडाला पदर लावून हसायचं. इंगरीही त्यांच्याबरोबर हसायची. आपल्याला सगळ्यांत घेतात याचाच तिला आनंद. एकदा तिच्या हातून पाण्याचं मडकं फुटलं तेव्हा रमीबाईनं चुलीतलं लाकूड उचललं आणि तिच्या पोटरीवर टेकवलं. पोरगी किंचाळली. रमीबाईला राग नव्हता आला. तिनं सासूसारखंच आधी तिला जेवू घातलं होतं.

त्या दिवशी पहिल्यांदा इंगरी हसली नाही. चटक्यावर फुंकर घालत तिनं विचारलं, "आई, सुसानालाही तुम्ही असंच शिकवलं?"

रमीबाईनं लाकूड परत चुलीत सारलं. सुसानाला तिनं जन्मात बोट लावलं नव्हतं. इंगरीनं लुगड्याचा काठ खाली ओढून चटका झाकला, आणि मडमबाईंना त्याविषयी चकार शब्द सांगितला नाही. घरच्या गोष्टी बाहेर सांगू नयेत एवढी रीत तीही शिकली होती.

जेठाच्या उन्हात तिला ताप भरला. सकाळी उठवेना. "आई, डोकं फार दुखतंय," ती म्हणाली. रमीबाईनं कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ तव्यासारखं तापलेलं होतं. हात लावला, ताप कळला, हे पुढे ती कधी विसरू शकली नाही. पण आदल्याच रविवारी मडमबाई सांगत होत्या की सुसानाला थोडं पडसं होतं तरी ती कामाला उठलीच, किती गुणाची!

"घरनी पोर भरदिवसा आडी पडत नही," रमीबाई म्हणाली. "पाणी ली ये."

भर दुपारी इंगरी हंडा घेऊन निघाली. आटलेल्या नाल्यात झऱ्यापर्यंत पोचली, हंडा भरला, उचलला आणि तापल्या दगडांवर आडवी झाली. बायकांनी तिला उचलून आणलं तेव्हा कुणी हसत नव्हतं. रेंग्या मिशनच्या बंगल्याकडे पळत सुटला. मडमबाई औषधांची पेटी घेऊन आल्या, पण पोरगी हाताबाहेर गेली होती. ती शुद्धीत नव्हती. तिच्या भाषेत काहीबाही बोलत होती, आणि मधेच मराठीत, "आई, पाणी आणते, आणते." रमीबाईचा पदर तिनं मुठीत इतका घट्ट धरला होता की प्राण गेल्यावर मडमबाईंना एकेक बोट सोडवावं लागलं.

तो पदर आणि ती मूठ मडमबाईंनी पाहिली, पोटरीवरचा चटका नाही पाहिला. लुगडं नेसवताना गावच्या बायकांनी तो पाहिला आणि एकमेकींकडे बघितलं. बोललं कुणी नाही, कारण प्रत्येकीनं कधी ना कधी तिच्या डोक्यावर हंडा चढवला होता.

रमीबाईला रडू आलं ते सुसानासाठी. साटंलोटं तिला पाठ होतं. फरशीला फरशी, चटक्याला चटका, आणि आता याला हे. तिनं पुरण्याच्या आधीच मडमबाईंचे पाय धरले. "मन्ही पोरले बलाई ल्या. आजच बलाई ल्या!" मडमबाईंना वाटलं, एक लेक गेली म्हणून बाई दुसरीसाठी कासावीस झाली. "वर्ष भरलं की येईलच ती," म्हणत त्यांनी तिला उठवून पोटाशी धरलं. खरं सांगावं तर तिकडे कळणार आणि सुसानाचा गळा धरणार, म्हणून रमीबाईनं दात आवळले. पुढचे सगळे दिवस तिनं दात आवळूनच काढले. सुसाना परत यायची वेळ जवळ आली तशी ती रोज संध्याकाळी स्टेशनाकडून येणाऱ्या वाटेवर उभी राही.

भाताची कापणी चालू असताना मडमबाईच आल्या, एकट्या. हातात लोकरीची काळी शाल होती. ओट्यावर बसून त्यांनी ती रमीबाईच्या खांद्यांवर घातली. "इंग्रिडच्या आईनं स्वतः विणून पाठवली आहे. ती म्हणते, ज्या बाईनं माझ्या लेकीला शेवटपर्यंत लेकीसारखं वागवलं, तिचे उपकार कसे फेडू? रमीबाई, ती सुसानाला ठेवून घेऊ इच्छिते. कायमची, स्वतःची मुलगी म्हणून. आणि सुसानाही हो म्हणाली आहे."

रमीबाईनं शाल फेकली. तिला कळायचं ते कळलं होतं. त्या बाईला सगळं ठाऊक आहे. पोरीला पोर घेतली तिनं, आणि एका दमात मारणार नाही, जन्मभर पुरवून पुरवून मारणार.

"नही! बलाई ल्या तिले!" ती ओरडली. "मीच मारी टाकं इंगरीले! ताप व्हता, माले समजी गयं व्हतं, तरी पाणीले धाडं. लाकूडनी चटका दिधा. मी, मी!"

शेवटी बोलली. शेतातून आलेल्या बायका अंगणात उभ्या होत्या. मडमबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, तशा त्या खाली बघायला लागल्या. रेंग्या विळ्याची धार बोटानं चाचपत राहिला.

मडमबाईंनी शाल उचलली, झटकली आणि पुन्हा रमीबाईच्या अंगावर नीट घातली. "असं बोलू नका. लेकरू गेलं की प्रत्येक आईला असंच वाटतं, मीच कुठंतरी कमी पडले. ती तुमचा पदर धरून गेली, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय." मग त्यांनी रमीबाईचे दोन्ही हात हातांत घेतले. "आणि सुसानाची मुळीच काळजी करू नका. मी तुमच्या वतीनं हो कळवते. तुम्ही इथं इंग्रिडला जसं ठेवलंत, अगदी तसंच तिथं तिला ठेवतील."